चाळीस घरांचं मत

१

नैरोबीहून आलेल्या फॅक्सवर इनमीन चार ओळी होत्या. मीनाक्षीताईंनी तो कागद विनीताच्या हातात दिला आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना माणूस उभा राहतो ना, तशा.

‘आमच्या मताची प्रत म्हणून आपण जो कागद पाठवलात, तो आमचा नाही. सही आमची आहे, शिक्का आमचा आहे. पण आम्ही नियमबदलाच्या विरोधात मत दिले होते, आणि या कागदावर ते अनुकूल आहे. हे कोणी केले ते कळावे. – सरोजिनी, चिटणीस, नैरोबी.’

“वाचलंस?”

“वाचलं.” विनीतानं कडेवरच्या किमयाला दुसऱ्या बाजूला घेतलं. दहा महिन्यांची पोर त्या कागदाकडे झेपावत होती.

“रविवारी चार वाजता सभा आहे. मला मंडळाच्या चिटणीसपदावरून काढायचा ठराव येणार आहे. प्रतापनं काल फोनवर सांगितलं. म्हणाला, ‘वहिनी, कागद तुमच्या मशीनवर आले, झेरॉक्स तुम्ही काढल्यात, मूळ कागद तुम्ही फाडलेत. आता आम्ही काय समजायचं?’” मीनाक्षीताईंचा आवाज एवढा सरळ होता की तो मुद्दाम सरळ धरलाय हे कळत होतं. “अकरा वर्षं झाली, विनीता. हे सदानकदा जहाजावर. मुलं माझी शिकायला लांब. माझं इथं जे काही आहे ते हे मंडळ आहे. काढलं तर काढू देत गं. पण मी खोटा कागद केला म्हणून काढतील? यांना मी सांगू काय?”

‘हे’ म्हणजे पांडुरंगराव, तेलवाहू जहाजावरचे चीफ इंजिनिअर. ते त्या घटकेला आखातात कुठंतरी होते.

सिंगापूरला मरीन परेडच्या त्या इमारतीत मीनाक्षीताई नवव्या मजल्यावर राहत आणि विनीता, नवरा गुरुप्रसादबरोबर, बाराव्या. किमया झाली तेव्हा पहिले चाळीस दिवस डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी नवव्या मजल्यावरून वर येत असे. विनीता लग्नाआधी पुण्यात एका हस्ताक्षरतज्ज्ञांकडे तीन वर्षं कामाला होती. खोट्या सह्या, बदललेली मृत्युपत्रं यांत तिची नजर तयार झाली होती. इथं आल्यावर ती नजर फक्त दुधाच्या डब्यावरची तारीख वाचायला उरली होती.

“ताई, ती फाईल मला द्या,” ती म्हणाली. “आज गुरुवार. तीन दिवस आहेत.”

२

भांडण होतं ते गाण्याच्या स्पर्धेवरून. ‘सागरसूर’ ही सात शहरांतल्या मराठी मंडळांची स्पर्धा. दरवर्षी प्रत्येक शहरानं एक नवं गाणं कॅसेटवर पाठवायचं, प्रत्येक शहरातल्या पाच परीक्षकांनी गुण द्यायचे. यंदा, म्हणजे शहाण्णव साली, यजमानपद सिंगापूरकडे होतं आणि प्रतापनं नियम बदलायचा प्रस्ताव आणला होता. परीक्षक नकोत. प्रत्येक शहरात सभागृहात कॅसेट वाजवायच्या, सगळ्यांनी ऐकायच्या, ज्यानं त्यानं एक मत द्यायचं आणि सगळ्या शहरांची मतं एकत्र मोजायची.

प्रस्तावावर सात शहरांनी आपलं मत छापील फॉर्मवर कळवलं होतं, सिंगापूरबाहेरच्या सहांनी फॅक्सनं. चार शहरं अनुकूल आणि तीन विरोधात निघाली, प्रस्ताव मंजूर झाला. नैरोबीचं मत खरं धरलं तर आकडे उलटे होत होते.

किमया झोपली तशी विनीतानं सात कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. सगळ्या झेरॉक्स प्रती. फॅक्सच्या कागदावरची अक्षरं इथल्या उष्म्यात उडून जातात, म्हणून आल्या आल्या झेरॉक्स काढायची आणि मूळ कागद फाडायचा, ही मंडळाची जुनी रीत. नेमकी तीच मीनाक्षीताईंच्या गळ्याशी आली होती.

प्रत्येक कागदावर वर ‘श्री’, त्याशेजारी कुंकवाचं बोट. झेरॉक्समध्ये कुंकू काळं येतं. खाली शहराचं नाव, मग प्रस्ताव, मग खूण, मग सही आणि शिक्का. नैरोबीची सही तिनं भिंगाखाली पाहिली. अस्सल होती. कुठं थरथर नाही, गिरवणं नाही.

सही खरी, शिक्का खरा. मग खोटं काय होतं?

३

रॅफल्स प्लेसला प्रतापच्या बँकेखाली कॉफीची दुकानं आहेत. जेवणाच्या सुट्टीत तो खाली आला, टाय खांद्यावर टाकून.

“वहिनी, तुम्ही डिटेक्टिव्ह? गुरुप्रसाद काही बोलला नाही!” मग तिचा चेहरा पाहून तो गंभीर झाला. “हे बघा, मला मीनाक्षीवहिनींबद्दल काडीचा राग नाही. पण फाईल तिघांकडेच होती. पाडव्याला त्यांच्याकडे, मग मत मोजणारे आम्ही दोघं, दुसऱ्या दिवशी प्रबोधसरांकडे, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे. मी उघडली तेव्हा चार-तीनच होतं.”

“आणि बदल हवा होता तो तुम्हाला, भाऊजी.”

“होताच. अजून हवाय.” त्यानं कप खाली ठेवला. “पाच माणसं बंद खोलीत बसतात आणि सांगतात, हे गाणं चांगलं. बाहेर तीनशे माणसं बसलीत, त्यांना काय कान नाहीत? पण वहिनी, मला जिंकायचं होतं, चोरायचं नव्हतं. आणि खोटा कागद करायचाच असता तर मी असा केला असता होय? फॉर्म माझाच आहे. त्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटवायला मला दोन महिने लागले. कोरा फॉर्म काढायचा, खूण करायची, सही चिकटवायची. पाच मिनिटांचं काम.”

तो हे एवढ्या सहज बोलून गेला की विनीता बघतच राहिली. निरपराध माणूस असं बोलतो. आणि फार हुशार अपराधीसुद्धा.

“मूळ कागद आले तेव्हा मीनाक्षीताईंनी मतं वाचली असतील ना?”

प्रताप हसला. “त्या? अहो, नियम आहे की मत मोजणाऱ्यानंच वाचायचं. त्या कागद अर्धा दुमडून झेरॉक्सवाल्या बाईपर्यंत घेऊन गेल्या. म्हणूनच तर विचित्र वाटतं सगळं.”

“प्रबोधसर काय म्हणतात?”

“सर?” प्रतापनं खांद्यावरचा टाय खाली घेतला. “सर आमच्या सभेत दीड तास माझ्याविरुद्ध बोलले. सिंगापूरचं मत त्यांच्यामुळंच विरोधात गेलं. त्यांच्यावर संशय घ्यायचा तर मग कोणावरही घ्या.”

४

बिशानला प्रबोधसर मुलाकडे राहत. सत्तरीला टेकलेले, अंगात स्वच्छ पांढरा झब्बा. सिंगापुरातली दोन पिढ्यांची मराठी मुलं त्यांच्याकडे सा लावायला शिकली होती, आणि स्पर्धेच्या परीक्षकांतही ते दरवर्षी असत. जाळीचं लोखंडी दार उघडंच होतं. खोलीत पेटी, तानपुरा, आणि सतरंजीवर कात्री, डिंक नि कागदाच्या पट्ट्या पसरलेल्या.

“ये, बाळ. पसाऱ्याकडे बघू नकोस. गाण्याचं नोटेशन लावतोय. एक ओळ इकडची उचलायची, तिकडं डकवायची. हिला खाली सोड, कात्री तेवढी उचलतो.” त्यांनी पेटीचा भाता दाबून खर्ज धरला. किमया हात आपटत पेटीकडे रांगली.

“सर, फाईल तुमच्याकडे एक दिवस होती.”

“होती. पण मी उघडली नाही. मी विरोधक, मी आधी कशाला बघू? प्रतापकडे तशीच दिली.” ते खाली बघत बोलत होते. आत गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं. किटलीची शिट्टी वाजू लागली. “नैरोबीची चाळीस घरं आहेत, विनीता. चाळीस. टोरंटोला सहाशे. डोकी मोजायची म्हटली की त्या चाळीस घरांनी गाणं पाठवायचं तरी कशाला? मी सभेत हेच म्हणालो.”

शिट्टी चढत चालली. किमया दचकून रडायच्या बेताला आली, तेव्हा विनीता उठली आणि तिनंच आत जाऊन गॅस बंद केला. दुःखात माणसाला भान राहत नाही, तिला वाटलं.

“मीनाक्षीताईंना काढणार आहेत, सर.”

सरांनी किमयाच्या डोक्यावर हात ठेवला. “ती असं करणार नाही,” एवढंच म्हणाले.

“मग सभेत तसं सांगाल?”

 सरांनी पेटीवरचा रुमाल उचलला, घडी घातली, उलगडला, पुन्हा घडी घातली.

५

शुक्रवारी सकाळी विनीता बाबागाडी ढकलत खालच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. सातही कागदांच्या मोठ्या प्रती काढायच्या होत्या. दुकानाची मालकीण साठीची चिनी बाई, किमयाची दोस्त. तिनं दोन-तीन कागद फिरवले, मशीनचं झाकण उघडलं, काच पुसली, परत एक काढला आणि कपाळाला हात लावला.

“अय्या! माय ग्लास व्हेरी क्लीन ला! ऑल युवर पेपर गॉट डर्टी स्पॉट.”

“नो आंटी, दॅट इज अवर रेड पावडर. फॉर प्रेयर.”

“पावडर?” बाईनं दोन कागद एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. “ओके, पावडर. बट धिस टू, हाऊ कम सेम-सेम?”

विनीतानं ते कागद जवळजवळ हिसकावूनच घेतले.

कुंकवाचं बोट. अनामिकेनं टेकवलेलं, उजवीकडे शेपूट ओढलेलं, शेपटाखाली चुकार तीन कण. एका कागदावर जसं, तस्संच दुसऱ्यावर, केसाचाही फरक नाही. बाकी पाच कागदांवरचं प्रत्येक बोट वेगळं होतं. कुठं गोल, कुठं फिकं, कुठं दोनदा टेकवलेलं. माणसाचं बोट दोनदा सारखं उमटत नाही, हे ती तीन वर्षं शिकली होती. आणि काल तासभर भिंग घेऊन बसूनही तिला हे दिसलं नव्हतं. दिसणार कसं? कागदावर कुंकू असतंच. लहानपणापासून पाहिलेल्या गोष्टीकडे कोण बघतो?

त्या दोन कागदांपैकी एक मेलबर्नचा होता. दुसरा नैरोबीचा.

नवव्या मजल्यावर मीनाक्षीताई म्हणाल्या, “पाडव्यालाच सगळे कागद आले होते ना, म्हणून गुढीपुढे ठेवले, कुंकू लावलं नि मग झेरॉक्सला नेले. का गं? यात सांगण्यासारखं काय आहे?”

“काही नाही, ताई,” विनीता म्हणाली. “भांडण परीक्षकांवरून आहे ना, त्यांचे जुने शेरे ठेवलेत का तुम्ही? आणि गेल्या वर्षीच्या कॅसेट?”

६

दुपारी किमया झोपली. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून विनीता विचार करत बसली.

नैरोबीचा कागद म्हणजे मेलबर्नचाच अनुकूल कागद, त्यावर नैरोबीची फॅक्सची वरची ओळ, नाव, सही आणि शिक्का डकवून पुन्हा झेरॉक्स काढलेली. मीनाक्षीताईंनी हे केलं असतं का? ज्या बाईनं सात कागदांना कुंकू लावलं, तिला आठव्याला लावायला कितीसा वेळ? करंडा देव्हाऱ्यात होताच. दुसऱ्या कागदावरचं कुंकू उसनं घ्यायची वेळ तिच्यावर आलीच नसती.

प्रताप? त्याच्याकडे कोरे फॉर्म हवे तेवढे. त्यानंही मेलबर्नच्या कागदाला हात लावला नसता.

हे काम अशा माणसाचं, ज्याच्यापाशी फक्त ते सात कागद होते. आणि कात्री, आणि डिंक, आणि एक ओळ इकडची उचलून तिकडं डकवायची हाताला सवय.

पण का? जो माणूस दीड तास बदलाविरुद्ध बोलला, त्यानंच तो बदल चोरून मंजूर करावा?

तिनं परीक्षकांच्या शेऱ्यांची फाईल ओढली. तीन वर्षांपूर्वीचे सरांचे शेरे: ‘मंजिरी नाजूक. घुंगरांचा वापर जपून केला आहे.’ दोन वर्षांपूर्वीचे: ‘तबला उत्तम. खर्ज भरीव.’ गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या गाण्यावर: ‘ताल निर्दोष.’ त्याच गाण्यावर सिंगापूरच्या इतर चौघांनी लिहिलं होतं, मंजिरी लय सोडून धावते आहे. तिनं आवाज अगदी बारीक ठेवून कॅसेट लावली. पहिल्या कडव्यापासूनच मंजिरी, ती पितळी टाळांची बारीक जोडी, पुढं पळत होती, ठणाठणा. ती चुकते आहे हे विनीतालाही कळलं.

सरांना कळलं नाही.

तिला किटलीची शिट्टी आठवली. चढत गेलेली, पोर दचकेपर्यंत. आणि शेजारी बसून शांतपणे बोलणारा म्हातारा.

पाळणा हलायचा थांबला होता. तिनं दोरी पुन्हा ओढली.

७

शनिवारी सकाळी ती एकटीच बिशानला गेली. किमयाला गुरुप्रसादकडे ठेवलं होतं. सरांसमोर तिनं दोन कागद ठेवले. ते कुंकवाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

“त्यावर पांढरी पट्टी लावली होती मी,” ते म्हणाले. “शेजारी शेजारी दोन कागद ठेवले की दिसेल, हे मला कळत होतं. लावली. मग काढली. पाडव्याचं कुंकू, त्यावर पांढरं कसं चिकटवायचं? हात धजेना.” ते किंचित हसले. “बाकी सगळ्याला धजला.”

“सर, कधीपासून ऐकू येत नाही?”

“येतं गं. तू बोलतेस ते येतं. वरचं जातंय. पक्षी गेले, मंजिरी गेली, आता तार सप्तकातलं धूसर होत चाललंय. पोरं समोर बसून गातात आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून मान डोलावतो.” त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. “गेल्या वर्षी अर्ध्या गुणानं दुसरं कोण आलं, आठवतं? नैरोबी. माझ्या त्या ‘ताल निर्दोष’मुळं. मग ठरवलं, पुन्हा परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं नाही. पण उठायचं कसं? कारण विचारतील. गाण्याच्या मास्तराला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याचं उरतं काय, विनीता? तेवढ्यात प्रतापचा प्रस्ताव आला. परीक्षकच नकोत! देवच पावला म्हटलं.”

“मग विरोधात का बोललात?”

“कारण मला खरंच तसं वाटतं.” त्यांचे डोळे भरले. “डोकी मोजून गाणं ठरवू नये. मी सभेत एक शब्द खोटा बोललो नाही. वाटलं, बाकीची शहरं करतीलच मंजूर, मी माझं मत देऊन मोकळा. आणि फाईल उघडली तर एका मतानं अडलेलं.”

त्यांनी पेटी बाजूला सरकवली, खालची घडी काढली. नैरोबीच्या कागदाचा उरलेला तुकडा. प्रस्तावाखालच्या मोकळ्या जागेत, समासात, आडवं-उभं, सरोजिनीबाईंनी दाट अक्षरात आपला विरोध लिहिलेला. म्हणूनच तो कागद तसाच वापरणं जमलं नव्हतं. मेलबर्नचा घ्यावा लागला होता.

“हे फेकवेना,” सर म्हणाले.

“त्यापायी मीनाक्षीताईंचं नाव गेलं असतं.”

“गेलं असतं, आणि मी गप्प बसलो असतो. आजवर बसलोच की.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “उद्या तू सांगणार?”

विनीतानं दोन्ही कागद उचलून पिशवीत ठेवले.  पुण्याला साहेब म्हणत, आपलं काम कागदापुरतं. कागदामागचा माणूस बघायला लागलात तर नोकरी सोडा. पण तिला तर नोकरी नव्हतीच.

“चारची सभा आहे,” ती म्हणाली. “सव्वाचारपर्यंत मी काही बोलणार नाही. त्यानंतर बोलेन. मीनाक्षीताईंना मी एकटं सोडणार नाही, सर.”

८

रविवारी सभेला बावीस माणसं होती. मीनाक्षीताई नेहमीच्याच खुर्चीवर, इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन. आपल्याच हकालपट्टीचा ठराव लिहून घ्यायला त्या पेन उघडून बसल्या होत्या. तो नियम होता. प्रताप उठला, घसा खाकरला. चार वाजून नऊ मिनिटं झाली होती.

“थांब प्रताप,” प्रबोधसर म्हणाले. “आधी मी.”

ते उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. कान, मंजिरी, कात्री, डिंक, सगळं. काही गाळलं नाही. शेवटी खिशातून घडी काढली आणि नैरोबीचा परिच्छेद मोठ्यानं वाचला:

‘आम्ही चाळीस घरे आहोत. आमच्यात गाणारे सहा आणि तबलजी एक. आपण डोकी मोजाल तेव्हा आम्ही दर वर्षी शेवटी असू, यात चूक कोणाची नसेल. पण आज कोणीतरी पाच माणसे डोळे मिटून आमचे गाणे पूर्ण ऐकतात. आम्हाला बक्षिसापेक्षा ते हवे आहे. ते काढून घेऊ नये.’

 प्रतापनं टेबलावरचा आपला ठराव दुमडला, आणखी दुमडला आणि खिशात घातला. मग तो मीनाक्षीताईंसमोर गेला. “वहिनी, चुकलो,” म्हणाला. 

सर अजून उभेच होते. बसायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

“प्रस्ताव चार विरुद्ध तीन मतांनी नामंजूर,” मीनाक्षीताई म्हणाल्या. आवाज तोच, सरळ. “नैरोबीला आजच फॅक्स जाईल. सर, तुम्ही जे सांगितलंत, ते इतिवृत्तात लिहावं लागेल.”

“लिही. सगळं लिही.”

त्यांनी लिहिलं. बावीस माणसं पेनाची कुरकुर ऐकत बसली. लिहून झाल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे वाचून दाखवलं. फॉर्म कसा बदलला, कोणी बदलला, केव्हा. एकही शब्द सौम्य नव्हता. शेवटचं वाक्य होतं: ‘ही हकीकत प्रबोधसरांनी सभेसमोर स्वतःहून सांगितली.’

त्यांनी मान वर केली आणि थेट विनीताकडे पाहिलं. शुक्रवारी शेऱ्यांची फाईल कोणी मागितली, शनिवारी सकाळी पोरीला घरी ठेवून बिशानला कोण गेलं, हे नवव्या मजल्यावरच्या बाईला ठाऊक नसेल असं थोडंच होतं.

“स्वतःहून. बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं. “इतिवृत्ताला अनुमोदन लागतं.”

सर विनीताकडे बघत नव्हते. ते खाली बघत होते, शिक्षेला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यासारखे.

विनीतानं हात वर केला.

“बरोबर आहे,” ती म्हणाली, सरांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं, खालच्या पट्टीत. “माझं अनुमोदन.”